माउसच्या चाकाची हाताने चाचणी : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

बेळगाव, खानापूर, निपाणी, चिकोडी, अथणी या पट्ट्यात पतसंस्थांचे पिग्मी हिशेब, साखर कारखान्यांचे वजनकाटे, दुकानांची बिलं यांसाठी डेस्कटॉप प्रोग्रॅम लिहिणारे आणि तपासणारे बरेच आहेत. माउसचं चाक मात्र बहुतेकांच्या चाचणी-यादीत नसतं. असलंच तर 'स्क्रोल होतं का? हो' एवढ्या एका ओळीत उरकलेलं असतं. पुढचे प्रश्न त्यांच्यासाठी आणि शेवटच्या वर्षाचा प्रोजेक्ट करणाऱ्या विद्यार्थ्यांसाठी.

हे हाताने कशाला? स्क्रिप्ट लिहून भागत नाही का?

अर्धं भागतं. स्क्रिप्ट बहुतेक वेळा १२० चा (विंडोजमध्ये पूर्ण एका खाचेचं माप) स्वच्छ, एकसारखा धक्का पाठवते. खाच म्हणजे चाक फिरवताना बोटाला जाणवणारा एक टप्पा. खऱ्या बोटाखालचं चाक तसं वागत नाही. ते अर्ध्यावर थांबतं, झटक्यात वीस खाचा पळतं, थांबताना एखादी खाच मागे येतं. लॅपटॉपच्या टचपॅडवर दोन बोटं सरकवली की लहान लहान आकड्यांचा पाऊस पडतो. शिवाय ऑटोमेशनची बरीच साधनं चाकाला हातच लावत नाहीत, थेट स्क्रोलबारला हलायला सांगतात. अशी चाचणी पास झाली तरी चाकाबद्दल काहीच सिद्ध होत नाही.

काय काय साहित्य लागतं?

खाचा असलेला एक साधा वायरचा माउस आणि एक टचपॅड, एवढ्यावर सुरुवात होते. त्याच्या जोडीला बिनखाचांचं, सुळकन फिरणारं किंवा बारीक मोजमाप पाठवणारं चाक असलेला एखादा माउस मिळाला तर बरेच अवघड दोष त्याच्यावर सापडतात. प्रोग्रॅममध्ये आडवं स्क्रोल असेल तर डावी-उजवीकडे कलणारं चाक हवं. दोन मॉनिटर असतील तर एकाचं स्केलिंग (पडद्यावरचं सगळं किती मोठं दाखवायचं ते) १०० टक्के आणि दुसऱ्याचं १५० टक्के ठेवा, आणि दुसरा मॉनिटर मुद्दाम डावीकडे लावा. कारण पुढे येतं.

पांढरा पेन किंवा चिकटपट्टीचा तुकडाही जवळ ठेवा. चाकावर खूण केली की फेरा मोजता येतो.

माउसच खराब नाही हे आधी कसं ठरवायचं?

हे पहिलं काम. खराब माउसवर नोंदवलेले दोष म्हणजे प्रोग्रॅमरचा दिवस वाया.

चाकाच्या आत दोन संपर्क असतात. चाक फिरलं की दोन्हींचे संकेत एकापाठोपाठ बदलतात, आणि आधी कोणता बदलला यावरून दिशा ठरते. एखादा संपर्क मळला किंवा झिजला की क्रम चुकतो. मग खाली फिरवताना मध्येच एक खाच वर गेल्याची नोंद येते. स्वस्त माउसमध्ये हे संपर्क बहुधा यांत्रिकच असतात. निपाणीत तंबाखूच्या वखारीजवळच्या टेबलावर, उद्यमबागेत फाउंड्रीच्या ऑफिसात किंवा खानापूरच्या पावसाळी दमट हवेत असे माउस लवकर बिघडले तर नवल नाही.

तपासायचं असं : इव्हेंट (म्हणजे माउसकडून प्रोग्रॅमला येणारी प्रत्येक नोंद) दाखवणारं साधन उघडा आणि चाक खालच्या दिशेला सावकाश दहा खाचा फिरवा. दहाच नोंदी आल्या पाहिजेत, सगळ्या एकाच दिशेच्या. नंतर दहा वर. मग झटक्यात एक पूर्ण फेरा. पुष्कळ चाकांना २४ खाचा असतात, म्हणजे एक खाच १५ अंशांची. काहींना कमी असतात, म्हणून खुणेवरून आपल्या माउसच्या एकदा मोजून घ्या. उलट दिशेची एक जरी नोंद दिसली तरी तो माउस बाजूला काढा. वायर काढून फुंकणीने हवा मारली, संपर्कावर आयसोप्रोपिल अल्कोहोलचा थेंब सोडला, तर कधी कधी सुधारतो. पण सुधारलेला माउस वापरायला घ्या, चाचणीला घेऊ नका.

इव्हेंट दाखवणारं साधन म्हणजे नेमकं कोणतं?

विंडोजवर व्हिज्युअल स्टुडिओबरोबर स्पाय प्लस प्लस येतं. त्यात खिडकी निवडून फक्त माउसचे संदेश दिसतील असं गाळून घ्या. लिनक्सवर खिडक्या दाखवणारी यंत्रणा एक्स११ असेल तर एक्सईव्ही, वेलँड असेल तर डब्ल्यूईव्ही किंवा लिबइनपुटचा डिबग-इव्हेंट्स आदेश. त्याही खाली, थेट कर्नलकडे, म्हणजे लिनक्सच्या गाभ्याकडे, काय येतं ते पाहायचं तर ईव्हीटेस्ट.

यातलं काहीच नसेल तर पायथनच्या टीकिंटरमध्ये (खिडक्या बनवायच्या लायब्ररीत) आठ-दहा ओळींची खिडकी लिहा, जी प्रत्येक चाक-इव्हेंटचा डेल्टा, म्हणजे चाक किती फिरलं तो आकडा, छापते. विद्यार्थ्यांना आम्ही हेच सुचवतो, कारण आकडे डोळ्यांसमोर आले की पुढचं सगळं सोपं होतं.

चाचणीआधी संगणकाच्या कोणत्या सेटिंग लिहून ठेवायच्या?

एका खाचेला किती ओळी : विंडोजमध्ये मुळात ३ असतात, १ ते १०० करता येतात, आणि 'एका वेळी एक पडदा' असाही पर्याय असतो. माउस ज्या खिडकीवर आहे ती निष्क्रिय असली तरी स्क्रोल व्हावी का : विंडोज १० पासून ही सोय आहे आणि मुळात चालू असते. स्क्रोलची दिशा : मॅकवर २०११ च्या लायन आवृत्तीपासून 'नैसर्गिक' दिशा मुळात चालू असते, म्हणजे मजकूर बोटाबरोबर सरकतो. माउसच्या कंपनीचं स्वतःचं सॉफ्टवेअर असेल तर त्यातली गुळगुळीत स्क्रोल आणि वेगवाढ बंद करा.

मूळ सेटिंगवर चाचणी झाली की ओळी १ करून, १० करून आणि 'एक पडदा' करून पुन्हा फिरवा. शेवटच्या पर्यायावर बरेच प्रोग्रॅम गडबडतात. 'एक पडदा' हा पर्याय ओळींच्या संख्येऐवजी एका खास, प्रचंड आकड्याने कळवला जातो. तो ओळखला नाही तर प्रोग्रॅम तेवढ्या ओळी खाली जायला निघतो आणि एका खाचेत यादीच्या तळाशी पोचतो.

१२० हा आकडा सारखा का येतो?

विंडोजमध्ये पूर्ण एका खाचेचा डेल्टा १२० धरलेला आहे. चाक पुढे, म्हणजे आपल्यापासून दूर फिरवलं की अधिक, आपल्याकडे ओढलं की उणे. पुढेमागे खाचेचे बारीक भाग पाठवणारी चाकं येतील म्हणून १ ऐवजी पुष्कळ भाग पडणारा आकडा घेतला, आणि तशी चाकं आलीही. क्यूटीमध्ये (खिडक्या-चौकटी बनवायच्या एका लायब्ररीत) हेच माप अंशाच्या आठव्या भागात येतं. १५ अंश गुणिले ८, पुन्हा १२०. लिनक्स कर्नलमध्ये बारीक मोजमापाची वेगळी नोंद ५.० आवृत्तीपासून आहे आणि तिथेही पूर्ण खाच १२० च.

दोष येतो तो भागाकारात. बारीक मोजमापाचं चाक एका खाचेत ३०, ३०, ३०, ३० असं चारदा पाठवतं. प्रोग्रॅमने प्रत्येक वेळी १२० ने पूर्णांकी भागलं की उत्तर शून्य, आणि सावकाश फिरवताना पडदा ढिम्म हलत नाही. उलट कुणी फक्त चिन्ह बघून 'आला इव्हेंट, सरकव तीन ओळी' असं लिहिलं असेल तर त्याच एका खाचेत बारा ओळी जातात.

पायथनमध्ये याची एक खास तऱ्हा आहे. तिथला दुहेरी तिरक्या रेघेचा भागाकार खालच्या पूर्णांकाकडे झुकतो, म्हणून ३० भागिले १२० शून्य येतं पण उणे ३० भागिले १२० उणे १ येतं. परिणामी टचपॅडवर खाली जाताना पडदा पळत सुटतो आणि वर जाताना हलतच नाही. 'खाली चालतं, वर चालत नाही' अशी तक्रार आली की आधी ही ओळ शोधा.

बरोबर पद्धत : येतील ते तुकडे साठवत जायचे, बेरीज १२० झाली की एक पायरी सरकायचं, उरलेलं पुढे न्यायचं. दिशा बदलली की साठा शून्य करायचा. हे शेवटचं राहिलं तर वरच्या दिशेचे ९० शिल्लक असताना खाली एक खाच फिरवली की बेरीज उणे ३० होते आणि ती खाच गिळली जाते. तपासायला बिनखाचांचं चाक पाऊण खाचेएवढं फिरवा, थांबा, उलट फिरवा.

मूळ चाचणी कोणत्या क्रमाने करायची?

प्रत्येक स्क्रोल होणाऱ्या भागावर हे करा :

१. सर्वांत वर जा. वरची ओळ कोणती ते लिहा.
२. सावकाश एक खाच खाली. किती ओळी सरकल्या? सेटिंगशी जुळतात का?
३. आणखी नऊ खाचा खाली, मग दहा वर. पुन्हा तीच ओळ वर यायला हवी.
४. तळाशी जाऊन आणखी पाच खाचा खाली. काही थरथरतं का, रिकामी जागा दिसते का? आता एक खाच वर. पडदा लगेच हलला पाहिजे. हलला नाही तर प्रोग्रॅम तळाच्या पलीकडचे धक्केही मोजून ठेवतो आहे.
५. झटक्यात जोरात फिरवा आणि हात सोडा. हात थांबल्यावरही पडदा कितीतरी वेळ सरकत राहिला तर प्रत्येक इव्हेंटला पूर्ण पडदा नव्याने रंगवला जात असणार आणि इव्हेंटची रांग साचत असणार. जुन्या, कमी मेमरीच्या संगणकावर हे लगेच दिसतं, म्हणून चाचणी तिथेही करा.
६. फिरवता फिरवता उलट दिशा घ्या.

तिसऱ्या पायरीत हातातल्या खाचा, साधनातल्या नोंदी आणि पडद्यावरच्या ओळी असे तीन आकडे वेगवेगळे लिहा. खाचा दहा आणि नोंदी अकरा असतील तर माउस पाहा. नोंदी दहा आणि ओळी सत्तावीस असतील तर प्रोग्रॅम पाहा.

फॉर्म खाली सरकवताना भरलेला आकडा बदलतो. हा दोष धरायचा का?

धरायचाच, आणि आमच्या मते या सगळ्या यादीतला सर्वांत गंभीर म्हणून. पडदा अडखळला तर माणसाला दिसतं. आकडा बदलला तर दिसत नाही.

वजनकाट्याचा फॉर्म घ्या. वरती गाडी नंबर, गावाची ड्रॉपडाउन यादी, मग वजनाचा आकडा, खाली सेव्ह बटन. ऑपरेटर वजन टाकतो आणि बटनापर्यंत जायला चाक फिरवतो. कर्सर अजून वजनाच्या चौकटीत असेल तर फॉर्म सरकायच्या ऐवजी वजनच कमी होतं. ड्रॉपडाउनवर असेल तर गाव बदलतं, कंग्राळीचं काकती होतं. पिग्मीच्या फॉर्मवर ५०० चे ४९७ होतात आणि संध्याकाळी रोकड जुळत नाही.

४९७ च का? विंडोज फॉर्म्समधली (मायक्रोसॉफ्टच्या फॉर्म बनवायच्या लायब्ररीतली) वर-खाली बाणांची आकड्याची चौकट एका खाचेला एकने न बदलता, संगणकाच्या सेटिंगमध्ये जितक्या ओळी आहेत तितक्या पायऱ्या बदलते. म्हणजे मुळात तीन. हिशेबातला फरक तीनच्या पटीत असेल तर संशयाची सुई चाकाकडे वळवायला हरकत नाही. क्यूटीमध्ये प्रकार आणखी पुढचा : चौकटीत क्लिक केलेलं नसतानाही, नुसता माउस तिच्यावर असताना चाक फिरलं तरी आकडा किंवा निवड बदलते.

चाचणी : फॉर्म पूर्ण भरा, सगळ्या किमती कागदावर लिहा. माउस फॉर्मच्या मध्यभागी उभ्या रेषेत ठेवून वरपासून तळापर्यंत आणि परत फिरवा, म्हणजे चौकटी आपोआप माउसखालून जातील. किमती ताडून पाहा. मग प्रत्येक आकड्याच्या, तारखेच्या आणि ड्रॉपडाउनच्या चौकटीत क्लिक करून तेच पुन्हा. स्लायडर आणि टॅबच्या पट्ट्या विसरू नका, त्याही चाकाने सरकतात.

प्रोग्रॅमरला सांगायचा उपाय : चौकटीत फोकस नसेल, म्हणजे टाइप केलेलं तिच्यात जाणार नसेल, तर चाकाचा इव्हेंट तिने नाकारून वरच्या फॉर्मकडे सोडावा. क्यूटीमध्ये नुसती फोकसची पॉलिसी बदलून भागत नाही, चाकाचा इव्हेंटही 'इग्नोर' करावा लागतो. पैसे आणि वजनाच्या चौकटींत तर फोकस असतानाही चाकाने आकडा बदलू नये, असं आमचं स्पष्ट मत आहे. रक्कम चाक फिरवून कुणीच भरत नाही.

एका खिडकीवर काम चालू असताना चाक दुसऱ्याच खिडकीला लागतं. बरोबर काय?

विंडोज १० च्या आधी चाकाचा संदेश फोकस असलेल्या खिडकीकडे जायचा. आता मूळ सेटिंगवर माउसखालच्या खिडकीकडे जातो. दोन्ही सेटिंगवर तपासा. दोन खिडक्या शेजारी उघडा, एकीत टाइप करा, माउस दुसरीवर नेऊन फिरवा. मग ड्रॉपडाउन उघडी ठेवून तिच्या बाहेर फिरवा. यादी बंद झाली तरी चालेल, मागचा फॉर्म थांबला तरी चालेल. पण यादी जागच्या जागी तरंगत राहून खालचा फॉर्म सरकला तर तो दोष.

आत एक स्क्रोलपट्टी आणि बाहेर एक, तेव्हा कोणती हलायला हवी?

आधी आतली. ती टोकाला पोचल्यावर बाहेरची हलावी की नाही हे ठरवणं डिझाइन करणाऱ्याचं काम. ते ठरलेलं असलं पाहिजे आणि सगळ्या प्रोग्रॅमभर एकच असलं पाहिजे.

कंट्रोल आणि शिफ्ट दाबून चाक फिरवताना काय पाहायचं?

शिफ्टबरोबर आडवं स्क्रोल होण्याचा प्रघात आहे. कंट्रोलबरोबर झूम, आणि तिथे तीन गोष्टी. पहिली : दहा खाचा मोठं, दहा खाचा लहान केल्यावर मूळ आकार परत येतो का? मोठं करताना १.१ ने आणि लहान करताना ०.९ ने गुणलं असेल तर येत नाही. प्रत्येक जोडीला ०.९९ होतं आणि दहा जोड्यांनंतर चित्र साधारण ९० टक्क्यांवर येतं. लहान करताना १.१ ने भागायला हवं. दुसरी : झूम माउसखालच्या बिंदूभोवती होतो का? विंडोजमध्ये चाकाच्या संदेशातले निर्देशांक (माउस कुठे आहे ते सांगणारे आकडे) संपूर्ण पडद्याचे असतात, खिडकीचे नाहीत. ते बदलून घेतले नसतील तर खिडकी डाव्या वरच्या कोपऱ्यात असताना सगळं ठीक दिसतं आणि सरकवली की झूम भलतीकडे जातो. डावीकडचा मॉनिटर यासाठीच. तिथे निर्देशांक उणे असतात आणि चुकीच्या पद्धतीने वाचले तर उणे २०० चे ६५,३३६ होतात. तिसरी : चाक फिरत असतानाच कंट्रोल सोडा. झूम थांबून स्क्रोल सुरू झालं पाहिजे.

मराठी आणि कन्नड मजकुराने काही फरक पडतो का?

पडतो. आपल्याकडच्या याद्यांमध्ये एक नाव मराठीत, दुसरं कन्नडमध्ये, तिसरं इंग्रजीत असं सर्रास असतं. वरची वेलांटी, खालचा उकार, कन्नडमधली खाली लटकणारी जोडाक्षरं यांमुळे ओळींची उंची सारखी राहत नाही. प्रोग्रॅमने उंची ठरावीक पिक्सेल धरली असेल तर थांबल्यावर वरच्या ओळीचे रफार अर्धे कापलेले दिसतात. उंची अंदाजाने काढत असेल तर पन्नास खाचा खाली आणि पन्नास वर गेल्यावर पहिली ओळ जागेवर येत नाही. चाचणीची यादी म्हणूनच फक्त इंग्रजी नावांची करू नका. किमान तीनशे ओळी घ्या, तिन्ही लिप्या मिसळा, मध्येच दोन ओळींत मोडणारा लांब पत्ता टाका.

लिनक्सवर एका खाचेला दोन नोंदी दिसतात. माउस बिघडला का?

नाही. एक्स११ मध्ये चाक हे बटनच समजलं जातं : वर ४, खाली ५, डावीकडे ६, उजवीकडे ७. प्रत्येक खाचेला बटन दाबल्याची एक आणि सोडल्याची एक नोंद येते. मोजताना फक्त दाबल्याच्या मोजा. टीकिंटरचा प्रोग्रॅम विंडोजवर चालतो आणि इथे चाक मेलेलं वाटतं, तेही याचमुळे. टीकिंटरच्या मुळाशी असलेल्या टीके लायब्ररीत ८.६ आवृत्तीपर्यंत एक्स११ वर बटन ४ आणि ५ वेगळी जोडावी लागतात. वेलँडवर एक्सईव्हीचा भरवसा धरू नका, त्याला स्वतःच्या खिडकीपलीकडचं दिसत नाही आणि जे दिसतं तेही मधल्या थरातून आलेलं असतं.

रिमोट डेस्कटॉपवरून किंवा केव्हीएम स्विचमधून चाचणी केली तर?

करा, पण ती वेगळी नोंदवा. (केव्हीएम स्विच म्हणजे एकच कीबोर्ड, माउस आणि पडदा अनेक संगणकांना जोडणारी पेटी.) मधला थर धक्के एकत्र करतो किंवा बारीक तुकडे पूर्ण खाचेत बदलतो. पीएस/२ च्या (यूएसबीआधीच्या गोल जोडणीच्या) जुन्या स्विचमध्ये चाक अजिबात चालेनासंही होतं. चाक जागं करायला संगणकाला माउसकडे नमुना-वेग (सेकंदाला किती नोंदी पाठवायच्या तो आकडा) २००, १००, ८० या क्रमाने पाठवावा लागतो आणि स्विचने ती देवाणघेवाण गाळली तर माउस बिनचाकाचा म्हणूनच ओळखला जातो.

वीज जाऊन संगणक झोपला आणि परत आला, किंवा यूएसबी काढून लावली, त्यानंतर एकदा चाक फिरवून पाहा. दोन मिनिटांचं काम आहे.

दोष नोंदवताना काय लिहायचं?

'स्क्रोल नीट होत नाही' एवढ्यावर कुणी काही करू शकत नाही. असं लिहा : 'विंडोज ११, ओळी ३, खाचांचा वायरचा माउस, स्केलिंग १५० टक्के. खातेदार यादी, माउस यादीवर, फोकस शोध-चौकटीत. दहा खाचा खाली, साधनात दहा नोंदी, प्रत्येकी उणे १२०. अपेक्षित ३० ओळी, सरकल्या २०. पाच वेळा केलं, पाचही वेळा असंच. टचपॅडवर होत नाही.' भाषा मराठी चालेल. नुसत्या स्क्रीनशॉटने चाक दिसत नाही, आणि पडद्याच्या रेकॉर्डिंगमध्ये बोट दिसत नाही. फोन उभा करून हात आणि पडदा दोन्ही एका चौकटीत येतील असं चित्रण जोडा.

चाक दाबणं याच चाचणीत येतं का?

येतं, कारण फिरवताना ते चुकून दाबलं जातं. विंडोजवर बऱ्याच प्रोग्रॅममध्ये त्याने आपोआप-स्क्रोल सुरू होतं आणि माउस हलवेल तिकडे पडदा पळतो. लिनक्सवर मात्र आधी कुठेतरी निवडलेला मजकूर तिथेच चिकटतो. रकमेच्या चौकटीवर चाक जोरात दाबत फिरवा आणि आत काही शिरलं का ते पाहा. आकड्याच्या चौकटीने अक्षरं नाकारली म्हणून निर्धास्त होऊ नका, निवडलेला मजकूर खाते क्रमांकाचा असेल तर तो आकडाच असतो.